नऊ डावे जबडे

मागच्या वर्षी एका सकाळी प्रार्थना आटोपून मी माझ्या घरामागे सांडपाण्याच्या पाइपासाठी चर खणत होतो. कमरेएवढ्या खोलीवर शेळीचा जबडा हाताला लागला. हे मृत्युपत्र तिथून सुरू होतं. बाकी रीतीप्रमाणे: मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, अविवाहित, जुन्या हाडांच्या संशोधन विभागात सव्वीस वर्षं हाडं धुऊन, ओळखून, खोक्यांत लावणारा सहायक. फुप्फुसं निकामी होत आली आहेत, डोकं शाबूत आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, देवाला स्मरून लिहीत आहे.

कलम १. माझे ब्रश, टोच्या आणि भिंग विभागातल्या झाडूवाल्या मावशींना द्यावं. हाड कोणतं आणि खडा कोणता, हे त्यांना प्रमुखांच्या आधी कळतं.

प्रमुखांना माझं स्टूल द्यावं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका वस्तीत आम्हाला दुधाच्या दातांची वासरं ढिगाने सापडली. प्रमुखांनी लिहिलं, मेजवानी. मी म्हणालो, "साहेब, एवढी वासरं लोक मारतात ती चारा संपल्यावर. खालच्या थरात मगरीचे दात आहेत, या थरात एकही नाही. नदी आटली होती." ते म्हणाले, "तुम्ही धुवा हो." स्टुलाचा एक पाय आखूड आहे. त्यावर बसून त्यांनी तो थर पुन्हा बघावा.

कलम २. बँकेत जे असेल ते माझ्या फुप्फुसांवर उपचार करणाऱ्या दवाखान्याला. माझ्या नावाची पाटी लावू नये.

कलम ३. घर. ते मी बांधलं, माझ्या नावावर आहे, आणि त्यात माझा थोरला भाऊ, वहिनी आणि पुतणी राहतात. मी भाड्याच्या खोलीत राहतो. असं का, ते लिहिणं भाग आहे.

आई या घरात शेवटचं वर्षभर अंथरुणावर होती. तिच्या नऊ शेळ्या होत्या. प्रत्येकीला तिने हाताने पाला भरवला होता आणि एकीलाही खाटकाकडे जाऊ दिलं नव्हतं. त्या वर्षी शेळ्या एकेक करून गेल्या. दादाने आईला सांगितलं, रोग आला, आणि तो धाकट्याने आणला, हजारो वर्षांची मेलेली हाडं चिवडलेल्या हातांनी. आईने ते मानलं. मी दारात उभा राहिलो की ती म्हणायची, "तिथूनच बोल. कशाला हात लावू नकोस." पुढे पुढे म्हणायची, "आला का तो? दार लावा." ती गेली तेव्हाही दार लावलेलंच होतं.

मीही ते मानलं होतं. सहा वर्षं रोज हात दोनदा धुतले.

त्या सकाळी मी पाइप बाजूला ठेवला आणि खड्डा कामावर उकरतो तसा उकरला, थराथराने, चाळणी लावून. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "काय भाऊजी, सोनं पुरलंय का आमच्या उकिरड्यात?" मी म्हणालो, "बघतो." एकच जनावर दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून आम्ही एकाच बाजूचं हाड मोजतो. डावे जबडे नऊ निघाले. रोगाने मेलेलं जनावर लोक आख्खं पुरतात, त्याचे सांधे जागच्या जागी सापडतात. इथे एकही सांधा जुळत नव्हता. फऱ्यांवर सुरीचे ओरखडे, बरगड्या भाजलेल्या, पायांच्या नळ्या आतल्या मगजासाठी फोडलेल्या. मधे आईच्या गोळ्यांची पाकिटं, त्यांवर तारखा. तीन हजार वर्षांपूर्वीचा उकिरडाही मला इतका स्वच्छ वाचता आलेला नाही.

घर पुतणीला मिळावं. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, तिच्याकडे माझी काही तक्रार नाही.

कलम ४. दादा दोन वर्षांपासून अर्धांगवायूने पडून आहे, आईच्याच खोलीत, आईच्याच पलंगावर. त्याने मरेपर्यंत तिथेच राहावं. मात्र पलंगासमोरच्या भिंतीत मी काचेचं कपाट बसवलं आहे. त्यात नऊ डावे जबडे ओळीने मांडले आहेत, प्रत्येकाखाली शेळीचं वय आणि ती कापल्याचा महिना. ते कपाट काढू नये, त्यावर पडदा टाकू नये, पलंगाची दिशा बदलू नये. यातलं काहीही केलं तर दादाचा राहण्याचा हक्क त्याच दिवशी संपेल.

दादाला द्यायची प्रत इथे संपते. पुढचं कलम मूळ प्रतीतच राहील आणि मूळ प्रत दादाच्या पश्चात पुतणीने उघडावी.

कलम ५. आपल्या विरोधात जाणारा तुकडा फेकायचा नाही, हे मी सव्वीस वर्षं पाळलं. म्हणून लिहितो. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात अकरा नळ्या वेगळ्या निघाल्या. त्यांवर सुरीची खूण नाही, जळल्याची नाही. त्या इतका वेळ उकळल्या होत्या की भांड्याला घासून टोकं गुळगुळीत झाली होती, आणि हाड नखाने खरवडलं जात होतं. असा काढा दात नसलेल्या माणसासाठी करतात. त्यांच्यातच आईला पाजायच्या तोटीच्या कपाचा तुटका कान होता. म्हणजे दादाने आईला जगवायला तिच्याच शेळ्या कापल्या, तिला ते सांगता येईना, आणि दोष ठेवायला मी होतो. बाकीचं मांस त्यांनी खाल्लं, हेही खरं.

वर्षभर मी त्या नळ्या कागदात गुंडाळून उशाशी ठेवल्या. रोज प्रार्थनेत क्षमेचा शब्द येतो, तिथे मी थांबतो आणि मग पुढचं म्हणतो.

आज सकाळी गवंड्याने कपाट बसवलं. दादा बराच वेळ जबड्यांकडे बघत होता. मग त्याची जड जीभ हलली. "एवढंच सापडलं का रे तुला?"

"एवढंच."

"नीट बघितलंस? कोपऱ्यात?"

"माझं कामच आहे ते, दादा."

तो रडला. अर्ध्याच चेहऱ्याने. मी मागच्या अंगणात गेलो, नळ्यांची ती कागदाची पुडी वर्षभर उघड्या राहिलेल्या खड्ड्यात ठेवली आणि गवंड्याला वर काँक्रीट ओतायला सांगितलं. ते वाळेपर्यंत तिथेच बसून हे लिहिलं. आता वाळलं आहे.

सही: (स्वहस्ते)

साक्षीदार पहिला: गवंडी, ज्याने कपाट बसवलं आणि खड्डा बुजवला. पुडीत काय होतं ते त्याला ठाऊक नाही.
साक्षीदार दुसरा: दवाखान्यातला कंपाउंडर. मी शुद्धीवर आहे याची खात्री त्याने नाडी बघून केली.

ठिकाण: घराचं मागचं अंगण.
दिनांक: आईला जाऊन सात वर्षं आणि अकरा दिवस.