बाबांच्या रक्तातलं

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचताना तुझे हातपाय गळतील. जेवण वेळेवर होतं. इथे परदेशात फर्निचरच्या कारखान्यात रंधा मारून हात राठ झालेत, एवढंच.

कारखान्यातल्या तपासणीत माझं कोलेस्टेरॉल फार वाढलेलं निघालं. बाबा ऐन चाळिशीत हृदयविकाराने गेले, हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी दोष आनुवंशिक आहे का ते बघायला रक्त पाठवलं. उत्तर आलं, काही नाही. सुटलो म्हणत मी उठलो.

"बसा," बाई म्हणाल्या. "या तपासणीत इथल्या लोकांमध्ये सापडणारे दोषच बघतात. तुमच्याकडच्या लोकांत जनुकातला बिघाड वेगळ्या जागी असू शकतो."

मग त्यांनी अख्खं जनुक तपासायला लावलं, आणि दोष सापडला.

गोळ्या सुरू केल्यात, आकडा उतरतोय. पण हा दोष तुझ्यात आणि तुझ्या छकुलीतही असू शकतो. सोबतच्या रिपोर्टात नेमकी जागा दिली आहे, तो डॉक्टरांना दाखव. तुझं "मी बारीक आहे, मला काय होतंय" चालायचं नाही. बारीक तर बाबाही होते. दाजींना घेऊन याच आठवड्यात जा. टाळलंस तर मी रजा टाकून येईन आणि तुला धरून नेईन.

छकुली नव्या शाळेत रमली का?

आणि आईला जवळ बसवून नीट सांग. बाबा गेले ते तिच्या हातच्या खाण्यामुळे नाही. इतकी वर्षं ती उगाच स्वतःला बोल लावत बसली आहे.

तुझाच,
धाकटा