हाताचा क्लच

आई, तुझ्या गाडीला लोक अजूनही डुक्करच म्हणतात, पण आता कौतुकाने म्हणतात. तुझ्या वेळी गल्लीतली पोरं "डुक्कर आलं, डुक्कर आलं" करत मागे पळायची आणि तू काच खाली करून त्यांच्याकडे असं काही बघायचीस की ती मुकाट आपापल्या ओट्यावर जाऊन बसायची. आता पन्नाशी-साठीतले डॉक्टर, वकील, बिल्डर रविवारी सकाळी गाड्या घेऊन जमतात आणि "डुक्कर आहे? आणि तीसुद्धा सगळी मूळचीच? वा!" म्हणत बॉनेटवरून हात फिरवतात. हे नाव तिच्या पुढे आलेल्या नाकाडावरून पडलं की मागच्या गोल पाठीवरून, यावर त्यांचा वाद चहा संपला तरी संपत नाही. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. शब्द कुठून आला हे शोधत बसायची खोड मला त्यातून लागली. पण शब्दांवरून इतकी भांडणारी माणसं मी आमच्या स्टाफरूममध्येही पाहिली नाहीत.

तू गेल्यावर बाबांनी गाडी लासूर स्टेशनला मामाच्या आडतीच्या गोदामात नेऊन लावली. त्यांना ती चालवता येत नव्हती, विकवत नव्हती आणि दारात उभी बघवतही नव्हती. मग बाबा गेले, मामा गेला, गाडी मात्र गोण्यांच्या मागे तशीच उभी. यंदा मामाच्या मुलाने गोदाम पाडायला काढलं आणि धाकट्याला फोन केला, की आत्याची गाडी नेता का भंगारात देऊ. तू गेलीस तेव्हा दुसरीत असलेला आपला धाकटा आता पुण्यात नोकरीला आहे, डोक्यावरचे केस बरेचसे गेलेत, आणि काही वर्षांपासून त्याला जुन्या गाड्यांचं खूळ लागलंय. तो ट्रक घेऊनच आला. गाडीवर बोटभर धूळ, सीटमध्ये उंदरांचे संसार, चारही टायर बसलेले, आणि हा लहान मुलासारखा ओरडतोय, "ताई, बार्न फाइंड आहे हा, बार्न फाइंड!" परदेशात म्हणे शेतकऱ्यांच्या कोठारांत अशा विसरलेल्या गाड्या सापडायच्या, त्यावरून हा शब्द पडला. मामाच्या मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कोठार कुठलं दादा, कांद्याचं गोदाम हाय. वास येतोय का नाय?" येत होता. काचा वर केल्या की अजूनही येतो.

गाडी इथे माझ्या जवळच्याच एका मिस्त्रीच्या गॅरेजात लावून तो परत गेला. तेव्हापासून गारखेड्याला माझ्या घरी रोज संध्याकाळी पुण्याहून फोन आणि फोनमध्ये रोज एक नवा शब्द. मी एकदा गाडीला व्हिंटेज म्हणाले तर त्याने मला झाडलं. व्हिंटेज म्हणजे आपल्या गाडीच्याही फार आधीच्या, आपली क्लासिक. मी शब्दकोश उघडून बसले. व्हिंटेज हा द्राक्षाच्या हंगामाचा शब्द निघाला, अमुक सालच्या दारूला लावायचा, तो पुढे मोटारींना चिकटला. क्लासिक निघाला रोमन लोकांच्या मालमत्तेच्या प्रतवारीतून, पहिल्या वर्गातला तो क्लासिक. म्हणजे महसुलाचाच शब्द. कलेक्टर कचेरीत जन्म काढलेल्या बाबांना काय आवडला असता! आणि तू रोज वापरायचीस ते शब्द तर मी आजवर इंग्रजी म्हणून कधी नीट बघितलेच नव्हते. ज्या डिकीत तू रेशमाच्या लडी भरून न्यायचीस, ती डिकी म्हणजे मूळची गाडीच्या मागची उघड्यावरची बैठक, नोकराने बसायची. डॅशबोर्ड म्हणजे घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून बग्गीला पुढे ठोकलेली फळी. आणि स्टेपनी हे चक्क वेल्समधल्या एका रस्त्याचं नाव आहे, तिथे ते जादा चाक पहिल्यांदा तयार झालं. तिकडची माणसं तो शब्द केव्हाच विसरली, आपल्याकडे पंक्चरवाला अजून विचारतो, "स्टेपनीत हवा हाय का?"

पॅटिनाचं तर मला हसूच आलं. जुन्या तांब्याच्या भांड्यांवर वर्षांनी जो रंग चढतो तो पॅटिना, आणि आता गाडीचा उडालेला रंग, विटलेलं क्रोम, घासलेली कडा, सगळ्याला हे लोक प्रेमाने पॅटिनाच म्हणतात. मी म्हटलं, आई असती तर चिंच घेऊन बसली असती आणि संध्याकाळपर्यंत तुमचा पॅटिना मोरीत गेला असता. तो हसला. त्यालाही पॅटिना नकोच होता, गाडी नवी करकरीत करायची, जशी कारखान्यातून निघाली तशी. कारण काँकूर. फ्रान्समध्ये म्हणे श्रीमंत लोक नटूनथटून घोडागाड्या मिरवायचे आणि त्यांत चढाओढ लागायची, त्या चढाओढीचा हा शब्द. आता तो गाड्यांच्या स्पर्धेला वापरतात. त्यात इंजिनाचा नंबर आणि सांगाड्याचा नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळायला लागतात आणि कारखान्याने न दिलेली जी जी वस्तू गाडीत असेल तिचे गुण कापतात. आपल्या गाडीत अशी एकच वस्तू आहे. तुझी दांडी.

तुझा डावा पाय. हे दोन शब्द लिहिताना अजूनही मान वर करून बघते, तू ऐकत तर नाहीस ना. लहानपणीच्या पोलिओने गुडघ्याखाली वाळलेला तो पाय, आणि पैठणला विणकाम केंद्रात रोज नक्षी शिकवायला जायचं. एसटीची पहिली पायरी तुझी वैरीण होती, कुणी हात दिला तर तो त्याहून मोठा वैरी. एका डॉक्टरांची ही जुनी गाडी विकायला निघाली, ती तू घेतलीस आणि बाबांना घेतल्यावर सांगितलंस. क्लचला डावा पाय लागतो. ज्या चौकटीच्या कागदावर मोर आणि कमळं काढायचीस त्याच कागदावर तू एक दांडी काढलीस आणि नांगराचे फाळ करणाऱ्या लोहाराकडून ती करून घेतलीस. उजव्या हाताने दारालगतची दांडी ओढली की क्लच दबायचा, डाव्या हाताने स्टिअरिंगखालचा गिअर बदलायचा, म्हणजे तेवढा वेळ चाक कुणाच्याच हातात नाही. एकटी असलीस की कोपराने दाबून धरायचीस. मी शेजारी असले की नुसतं "धर" म्हणायचीस. सुट्टीच्या दिवशी पैठणपर्यंत मी ते चाक किती वेळा धरलं असेल! तू माझ्याकडे बघायचीसुद्धा नाहीस, इतकी तुला खात्री असायची. तेवढा विश्वास माझ्यावर पुढे कुणी टाकला नाही, नवऱ्यानेही नाही.

त्यातली एक सुट्टी अजून डोळ्यांसमोर आहे. पैठणच्या वाटेवर बिडकीनच्या अलीकडे आपण पेट्रोल भरतोय. भरणारा माणूस खिडकीत वाकून दांडीकडे बघतो, विचारतो, "बाई, ये काय हाय? असं तर कुठं बघितलं नाय." आणि मी शहाणी, पटकन सांगते, "आईचा एक पाय बारीक आहे ना, म्हणून." तो माणूस लगेच चुकचुकतो, तुझ्याकडे बघायची त्याची नजरच बदलते. तू पैसे देतेस, गाडी सुरू करतेस. पैठण येईपर्यंत तू एकदाही "धर" म्हणत नाहीस, कोपरानेच चालवतेस. केंद्राच्या दारात गाडी थांबवून मग बोलतेस. "माझ्या पायाबद्दल बोलायचं असेल तर मी बोलीन. तुला गाडीबद्दल बोलायचंय ना, खुशाल बोल. गाडीत सोय करून घेतली आहे, एवढं म्हणायचं. कळलं?" मग डिकी उघडून लडी माझ्या हातात देतेस. मला रडू येतंय आणि लडी ओल्या होतील म्हणून मी ते आवरतेय.

तर यंदा एक दिवस गॅरेजमधून मिस्त्रीचा फोन आला. "ताई, भैया बोले वो दांडी निकाल दो, गुण कटते बोले. मेरेकू अच्छा नहीं लगा. एक बार ताईंना विचारतो म्हटलं. निकालू क्या?" मी म्हटलं, हात लावू नका, आणि धाकट्याला फोन लावला. फार भांडलो. तो म्हणाला, "ताई, तुला वाटतं मला गुणांची पडलीय? अगं, तिथं शंभर लोक येतील, विचारतील हे काय. मी काय सांगू? आईला आवडलं असतं का ते? पाय दिसेल असा तिचा एक फोटो नाही आपल्याकडं." त्याचं बरोबर होतं. साड्यासुद्धा तू बोटभर लांब नेसायचीस. दांडी काढावी तर तू गाडीतून पुसली जातेस, ठेवावी तर चारचौघांत उघडी पडतेस. दोन्हीत तुझा अपमान, आणि विचारायला तू नाहीस. त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही.

मग तो शहरात आला. तुझं औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर आहे, पण गॅरेजच्या गल्लीत पाटी सोडून काही बदललेलं नाही. इंजिन सुरू झालं होतं. मी त्याला म्हटलं, काढायची तर काढ, पण आधी तिच्यासारखी चालवून बघ. डावा पाय सीटखाली दुमडून घ्यायचा. तो हसत बसला. गाडी दोन हात पुढे गेली आणि धक्का खाऊन बंद पडली. परत सुरू केली, परत बंद. मिस्त्रीने तोंडावर रुमाल धरला. कशीबशी निघाली तेव्हा त्याने दांडी ओढून गिअरला हात घातला, चाक मोकळं सुटलं आणि गाडी थेट समोरच्या उसाच्या रसाच्या गाड्याकडे वळली. तो ओरडला, "ताई!" मी चाक धरलं. माझ्या हातांना सगळं आठवत होतं. गल्लीच्या टोकाला त्याने गाडी थांबवली. त्याच्या मनातली तू अंथरुणावरची, शेवटच्या आजारातली. त्याला दुसरी तू ठाऊकच नव्हतीस. तो म्हणाला, "रोज? पैठणपर्यंत?" मी म्हटलं, रोज, जाऊन येऊन. आणि तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडला, आई. मलाही आवरलं नाही.

दांडी राहिली. तिच्यासाठीही त्यांच्याकडे एक शब्द निघालाच, पीरियड मॉडिफिकेशन. गाडी वापरात होती त्या काळातच मालकाने गरजेपोटी केलेला बदल, त्याला म्हणे मान असतो. मी म्हटलं, एवढा लांबलचक शब्द कशाला, आईने आधीच सोपा करून ठेवलाय, सोय. मुठीला तू गुंडाळलेलं रेशीम कुजून गेलं होतं, ते मी पैठणहून नवं आणून स्वतः गुंडाळलं. तुझ्याइतकं घट्ट नाही जमलं. गाडीसमोर ठेवायची पाटीही मीच लिहिली. इंजिन, साल, रंग, आणि खाली एक ओळ, मालकिणीने गाडीत हाताच्या क्लचची सोय करून घेतली आहे. पायाचा उल्लेख नाही. तू म्हणाली होतीस तेवढंच.

गेल्या रविवारी प्रदर्शन झालं. बक्षीस मिळालं नाही, दांडीचे गुण परीक्षकांनी कापलेच, मान वगैरे बोलायच्या गोष्टी. पण गर्दी सगळ्यात जास्त आपल्या गाडीभोवती. एका माणसाने पाटी वाचली आणि विचारलं, "सोय कशासाठी?" मी तोंड उघडायच्या आत धाकटा पुढे झाला. "माझ्या आईचा डावा पाय पोलिओने गेला होता," तो मोठ्याने म्हणाला, "आणि ती ही गाडी रोज पैठणला घेऊन जायची." मग त्याने दार उघडून सगळं करून दाखवलं, दांडी, गिअर, कोपर. परत परत, येईल त्या प्रत्येकाला. कुणी चुकचुकलं नाही, आई. एका बाईने मुठीवर हळूच हात ठेवला आणि म्हणाली, "बाप रे, लईच हिंमतीच्या होत्या."

मी दोन पावलांवर उभी होते. त्याचा हात दाबून त्याला गप्प करता आलं असतं, मी केलं नाही. मला ऐकत राहावंसं वाटलं. हे पत्र टाकायला पत्ता नाही हे ठाऊक असूनही लिहायला बसले ते एवढ्याचसाठी, की गाडीत बसून घरी येताना मी सारखी तुझ्या रागाची वाट बघत होते. तू पायाबद्दलचं ते एक वाक्य बोलावंस, चढ्या आवाजात, शेवटी "कळलं?" म्हणावंस. आता माझ्याही गुडघ्यांनी दगा दिलाय आणि सगळे माझ्याशी सांभाळूनच बोलतात. तसं मला कुणी रागावत नाही, आणि मला ते फार हवं आहे.