अंगठा उमटत नाही, त्याची हकिकत

चि. देवूस बोईसरहून रंभाताईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहेत. गुडघा सोडला तर मीही बरी आहे. तू दुबईच्या त्या टगबोटीवर वेळेवर जेवतोस ना? फोनवर विचारायला जावं तर तुझी रेंज जाते आणि माझा आवाज जातो, म्हणून हे पत्र. धर्माजी सुट्टी संपवून तुझ्याच बोटीवर परत निघालाय, त्याच्या हाती देते. सोबत सुक्या जवळ्याची पिशवी आहे. (अर्धीच पोचली तर समजून घे, धर्माजीला वाटेत भूक लागली असेल.)

तर नवापूरच्या घराचं हक्कसोडपत्र. बाबांच्या माघारी घरावर तुझं-माझं दोघांचं नाव लागलं, आणि आता वर स्लॅब टाकायचा तर बँकेला ते तुझ्या एकट्याच्या नावावर हवं. मी तुला फोनवरच हो म्हटलं होतं. त्याप्रमाणे परवा तुझी कीर्ती तुझं मुखत्यारपत्र घेऊन आली आणि आम्ही नणंद-भावजय पालघरला रजिस्ट्रार ऑफिसात गेलो. आता माझी अक्कल बघ. कोळंबीचं गिऱ्हाईक अडून बसलेलं, म्हणून निघण्याआधी टोपलीभर कोळंबी सोलली आणि हात धुऊन तशीच गेले. कोळंबीनं बोटं कशी गुळगुळीत होतात ते आपल्या घरात कुणाला सांगायला नको. मशीनवर अंगठा ठेवला, तर उमटायचं नाव नाही. कारकून भला माणूस, म्हणाला, मावशी, पुसून ठेवा. पुसून ठेवला, तरी तेच. मग रांगेतल्या लोकांनी माझा अंगठा दत्तकच घेतला. एकीनं केसांवर घासायला लावला, एकीनं पिशवीतून खोबरेल काढलं, आणि एका गृहस्थांच्या सांगण्यावरून मी तो भिंतीवर घासला. (भिंतीचा चुना अंगठ्याला लागला. तो पुसेपर्यंत गृहस्थ चहाला निघून गेले.)

त्यात कीर्तीनं रिवाजाची साडी आणलेली. हक्क सोडणाऱ्या बहिणीला भावाकडून देतात ती. माझी सही व्हायच्या आधीच तिनं भाबडेपणानं ती काढून टेबलावर ठेवली. कारकुनाला वाटलं, आपल्यालाच देताहेत. बिचारा खुर्चीसकट मागे सरकला आणि म्हणाला, बाई, ते आधी उचला. आता उचलायची कुणी? माझा हक्क सुटला नव्हता म्हणून मी घेईना, आणि दिलेली साडी परत कशी घ्यायची म्हणून कीर्ती घेईना. शेवटी साडी बाकावर आमच्या दोघींच्या मध्ये बसून राहिली. अबोली रंगाची आहे, काठही छान आहेत.

शेजारी मासवणची मंगळी म्हणून एक म्हातारी बसली होती. ती सगळं बघून शांतपणे म्हणाली, "बाय, तुजा आंगठाच नाय बोलतं, तं तू कशाला हो बोलतं?" मी हसले. हसता हसता रडूच यायला लागलं. कीर्ती घाबरली. "ताई, रडू नका, कागदावर नसलं तरी घर तुमचंच हाय," म्हणाली. मनापासून म्हणाली रे. पोरगी गुणाची आहे, तिला कधी दुखवू नकोस. पण खरं सांगू? मला स्लॅब नको, वाटा नको. भीती एकाच गोष्टीची वाटते. आज नवापूरच्या नाक्यावर रिक्षातून उतरले की मी घरी जाते. सही केल्यावर भावाकडे जाईन.

तिसऱ्यांदाही अंगठा उमटला नाही. कारकून म्हणाला, कोळंबी न सोलता पुढच्या आठवड्यात या.

तब्येतीला जप.

तुझी,
रंभाताई

ता. क. वकिलांना विचारलं, कागदात माझी एक अट घालता येईल का? म्हणाले, हक्कसोडपत्रात अटी चालत नाहीत. म्हणून इथं लिहिते. मी न कळवता आले, तर दारात कुणी "आज कशी काय वाट चुकलीस?" असं विचारायचं नाही. एवढंच.

ता. क. दुसरा. कीर्तीला सांगू नकोस, ती अजून रोज फोन करून अंगठ्याला तेल लाव म्हणते. पहिल्या दोन्ही वेळी अंगठा खरंच उमटला नाही. तिसऱ्या वेळी मी तो टेकवलाच नव्हता, काचेच्या जरा वर धरला होता. ते मुखत्यारपत्र राहू दे. तू स्वतः सुट्टी काढून ये आणि माझ्या शेजारी उभा राहा. मग दाबते.