कोरड्या अंथरुणाची साक्ष

आई,

तुझी ती प्रार्थना जेमतेम दीड मिनिटाची होती. मला ती केवढ्याला पडली ते आज दुकानात बसून पुन्हा मोजलं. पैशात नाही मोजलं. एक नाव गेलं, कारण त्यानंतर गावातल्या पोरांनी मला माझ्या नावाने हाक मारली नाही. एक ठरत आलेलं लग्न गेलं. आणि गावी न येता अकरा नाताळ गेले, म्हणजे मी पुण्याला आल्यानंतर तुझ्या हयातीत जेवढे उरले होते तेवढे सगळे. दीड मिनिटाला हे जास्तच झालं. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. भांडायला तू समोर नाहीस ही माझी सोयच आहे म्हण, कारण समोर असतीस तर मधेच डोळे मिटून प्रार्थनेला लागली असतीस, आणि डोळे मिटलेल्या बाईशी भांडता येत नाही.

निमित्त सांगतो. मंगळवारी धायरीतल्या एका सोसायटीच्या पंपरूममध्ये होतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीच्या बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून ऐकत होतो. मोटारी दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेली, पण हातापेक्षा कानानेच मला जास्त कमावून दिलंय. तेवढ्यात गावाहून फोन. चर्चच्या महिला मंडळाच्या बाई. "सलाम साहेब. तुमच्या आईंच्या आठवणीची उपासना ठेवलीय रविवारी. सहकुटुंब यायचं." बरं म्हणालो. "आणि दोन शब्द बोलायचे." बघतो म्हणालो. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "दोन शब्द कशाला, बाईंची ती साक्षच द्या ना तुम्ही. कोरड्या अंथरुणाची. अजून लोक आठवण काढतात. तुमच्या तोंडून ऐकायला फार आशीर्वादित वाटेल." मी म्हणालो, इथे मोटारीचा आवाज आहे, नीट ऐकू येत नाही. मोटार मी फोन घेतानाच बंद केली होती.

रविवारी लोक तुझ्याबद्दल काय बोलतील ते मला पाठ आहे, आणि त्यातलं काही खोटं नसेल. दवाखान्यात आयाचं काम करून, उभ्या पायांनी घरी येऊन, तू चर्च झाडायला जायचीस. रविवारी घंटा वाजायच्या आधी तू आत असायचीस. कुणी आजारी पडलं की तुझा डबा त्याच्या दारात पहिला पोचायचा. हंगामाच्या सणाला चर्चमधल्या अर्पणात पहिला भोपळा आपल्या परसातला. हे सगळं खरं. पण एक गोष्ट कुणी बोलणार नाही, म्हणून मी बोलतो. तुझ्या पोटात काही राहायचं नाही, आणि ते बाहेर काढायला तू देवाला पुढे करायचीस. शेजारणीला सांगितलं असतंस तर ती चुगली. तेच डोळे मिटून, "हे प्रभू" लावून सांगितलं की प्रार्थना. बुधवारच्या बायकांच्या सभेत अर्ध्या गावाच्या संसाराच्या बातम्या तुझ्या तोंडून कळायच्या. "हे प्रभू, आमच्या मास्तरांना त्या बाटलीपासून सोडव." मास्तर पितात हे तोवर फक्त मास्तरीणबाईंना माहीत होतं. त्या तुझ्या शेजारीच डोळे मिटून बसलेल्या होत्या.

मी तेरा वर्षांचा होतो. झोपेत अंथरूण ओलं व्हायचं. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. सकाळी तू गोधडी धुवायचीस आणि पुढच्या अंगणात, रस्त्याकडच्या तारेवर वाळत टाकायचीस. मागे टाक ना, म्हणालो होतो. "मागे ऊन येत नाही," म्हणालीस. खरंच येत नव्हतं. तुझं प्रत्येक कारण असं खरं असायचं, तिथेच माझी पंचाईत व्हायची. त्या बुधवारी सभा आपल्याच घरी आहे. मी स्वयंपाकघरात कपांमध्ये साखर घालतोय. चौदा कप. पडद्यापलीकडे तुझा आवाज चढतो. "हे प्रभू, शास्त्रातल्या त्या तुझ्या सेवकाने अंगणात लोकर पसरली होती. भोवतालची भुई दवाने भिजली आणि लोकर तेवढी तू कोरडी ठेवलीस. तसं माझ्या लेकराचं अंथरूण कोरडं ठेव. तेरा वर्षांचा घोडा झालाय, बापा, अजून भिजवतोय." बायकांनी एका सुरात आमेन म्हटलं. कोणत्या कपात साखर घातलीय आणि कोणत्या नाही ते मला आठवेना, म्हणून मी सगळ्यांत पुन्हा घातली. चहा घेऊन बाहेर गेलो तर एकीनेही गोड झालाय म्हटलं नाही. सगळ्या जणी माझ्याकडे इतक्या मायेने बघत होत्या की त्यापेक्षा हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारच्या शाळेपर्यंत माझं नाव "लोकर" झालं होतं. "ए लोकर, सुकलास का?" शाळेतल्या हिंदू पोरांना आधी काही कळेना, तर आपल्याच मुलांनी त्यांना शास्त्रातली गोष्ट पहिल्यापासून नीट समजावून दिली. आपल्या गावात सुवार्तेचा एवढा प्रसार दुसऱ्या कशाने झाला नसेल. मी तुला विचारलं होतं, आठवतं? तू भाकरी थापत होतीस.

"सगळ्यांसमोर का सांगितलंस?"

"सगळ्यांना कुठे सांगितलं? देवाला सांगितलं."

"मग हळू सांगायचं. त्याला ऐकू येतं की."

तव्यावरची भाकरी तशीच सोडून तू माझ्या थोबाडीत दिलीस. देवाची थट्टा करतो म्हणून. गालावर पिठाची बोटं घेऊन मी शाळेत गेलो, आणि तिथे ती दुसऱ्या कुणी पुसेपर्यंत मला कळलंही नाही. बाबा पोस्टातून आले तेव्हा तू त्यांना सांगितलंस, पोरगं उलट बोलायला लागलं. त्यांनी पेपर उघडला. बाबांचा सगळा संसार त्या पेपराआड झाला.

आता तुला कधीच न सांगितलेलं सांगतो. फडताळात बाबांचं बंद पडलेलं गजराचं घड्याळ होतं. ते मी खोललं. दोनदा चुकलो, एकदा स्प्रिंग उडून चुलीमागे गेली, पण तिसऱ्यांदा ते चालू झालं. घंटीला चिंधी गुंडाळली, म्हणजे उशाखालून मला ऐकू येईल आणि तुला येणार नाही. संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद. गजर झाला की गुपचूप उठून परसात जाऊन यायचो. चार महिने एकही दिवस न चुकता केलं, आणि अंथरूण कोरडं राहायला लागलं. ती माझ्या आयुष्यातली पहिली दुरुस्ती. मी तुला सांगणारच होतो, घड्याळ घेऊन दाखवणार होतो. पण त्याआधी हंगामाचा सण आला, आणि भोपळे, कणसं, कोंबड्यांची खुराडी यांच्या मधोमध उभी राहून तू साक्ष दिलीस. प्रभूने ऐकलं. लेकराचं अंथरूण कोरडं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घड्याळ परत फडताळात ठेवून दिलं.

एकदा दिलीस तर गोष्ट संपली असती. पण ती साक्ष लोकांना आवडली, आणि तुलाही. पुढच्या सणाला पुन्हा. त्याच्या पुढच्या सणालाही. मला मिशी फुटली, मी आयटीआय केलं, गावातल्या पिठाच्या गिरणीची जळालेली मोटार पुन्हा बांधली, तरी दरवर्षी भोपळ्यांच्या साक्षीने माझं अंथरूण नव्याने कोरडं होत राहिलं. बाविसाव्या वर्षी, बोलणी बरीच पुढे गेल्यावर, शेजारच्या तालुक्यातून मुलीकडचे मुलीला घेऊन घर बघायला आले. मुलगी मान खाली घालून बसली होती, पण दोनदा हसली, मी बघितलं. तिची आई म्हणाली, "ताई, प्रार्थनेने सुरुवात करा." तू उभी राहिलीस. "या मुलावर देवाचा हात आहे," म्हणालीस, "कसा ते सांगते." तू सांगत होतीस तसतशी मुलीच्या बापाच्या हातातली पोह्यांची बशी खाली खाली येत गेली. शेवटी जमिनीला टेकली. "कळवतो," म्हणाले. त्यांचं काही कळलं नाही. तू म्हणालीस, देवाची इच्छा नसेल.

त्याच महिन्यात मी ट्रंक भरली. तू स्टँडवर आली होतीस, डोळे पुसत होतीस. पुण्यात खोलीवर येऊन ट्रंक उघडली तर तळाशी, नीट घडी घातलेलं, नवं कोरं मेणकापड. आठ वर्षं गावासमोर उभी राहून देवाने बरं केलं म्हणून सांगणाऱ्या बाईने ते घातलं होतं. फोनवर विचारलं तर म्हणालीस, "असू दे. नवं गाव, परकं पाणी." म्हणजे तुझा देवावरही तेवढाच विश्वास होता, जेवढा माझ्यावर. हे मला आधी माहीत असतं तर इतकी वर्षं वाद घालण्यात घालवली नसती.

माझं चांगलं झालं, हे तुला कळलं होतंच. पत्र्याच्या शेडपासून सुरुवात केली, आज हाताखाली नऊ माणसं आहेत. सोसायटीचे सेक्रेटरी मला कुणाचं कुणाशी वाजलंय ते सगळं सांगतात, कारण माझ्याकडून ते पुढे जात नाही. माझ्या लग्नात तुला बोलू दिलं नाही. उपासनेचा क्रम मुद्दाम छापून घेतला आणि त्यात तुझं नाव नव्हतं. तरी आभाराच्या वेळी तू उठायला लागलीस, तेव्हा मीच बँडवाल्याला खूण केली. तू पुन्हा बसलीस. फुशारकी वाटेल, वाटू दे, पण पुण्यात तीस वर्षांत ही गोष्ट एका माणसाच्या कानावर गेलेली नाही. तुझ्या सुनेच्याही नाही. एका छताखाली पंचवीस वर्षं. असं तोंड मिटून राहणं तुला पंचवीस मिनिटं जमलं नसतं.

आणि आता रविवार. तुझी सून म्हणते, जायलाच हवं, आईंचा मान आहे. लेकीने ऑफिसात रजा टाकलीय, तिला आजीचं गाव बघायचंय. मी नाही म्हटलं तर का ते सांगावं लागेल. गेलो तर त्या दोघी पहिल्या बाकावर बसतील आणि मी नाही दिली तरी दुसरी कुणीतरी उठून ती साक्ष देईलच. पंचवीस वर्षं माझ्या घरात मी जो माणूस आहे, तो त्या पाच मिनिटांत जायचा. मेल्यावरसुद्धा तुझा आवाज कमी झालेला नाही.

इथवर शुक्रवारी लिहिलं होतं. आज शनिवार. म्हटलं, तिथे तुझ्या सुनेच्या कानावर जाण्याआधी माझ्या तोंडून जावं. सकाळी ती मटार सोलत बसली होती.

"जरा बोलायचंय."

"बोला की. बोलता बोलता सोला."

मी बसलो. चार शेंगा सोलल्या. "माझ्या लहानपणचं आहे. उद्या तिथे कुणी काही बोललं तर..."

"अंथरुणाचं ना?" तिने मानही वर केली नाही.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुला कुणी सांगितलं?"

"माझे बाबा चौकशीला गेले नव्हते का, लग्नाआधी? स्टँडवर उतरून तुमचं घर विचारलं. रसवाला म्हणाला, कोण, लोकर का? मग ग्लास भरेपर्यंत सगळं सांगून झालं होतं त्याचं."

"आणि तरी होकार दिलात?"

"बाबा म्हणाले, अंथरूण भिजवायचा ना, पीत तर नाही. पिणारी दोन स्थळं आधी बघितली होती त्यांनी."

"पंचवीस वर्षं बोलली नाहीस."

"तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं, नसेल बोलायचं. अहो, तो किडका आहे, भांड्यात काय टाकताय?"

मी किडका वाटाणा बाहेर काढला. मला तुझा नव्याने राग यायला हवा होता, त्या रसवाल्यापर्यंत पोचलीस म्हणून. आला, पण अर्धवट आला, आणि मधेच मला हसू फुटलं. तिलाही. तुला माफ केलं असा याचा अर्थ घेऊ नकोस. उद्या आम्ही जातोय. बोलायला उभं केलं तर घड्याळाचं सांगेन की नुसतंच सलाम म्हणून खाली बसेन, माहीत नाही. हे कागद दुकानाच्या खणात राहतील. तुझ्या फोटोपुढे वाचायचा विचार एकदा मनात आला होता, पण मोठ्याने वाचावं लागलं असतं.

उठताना तुझ्या सुनेला म्हणालो, निदान लेकीला तरी यातलं काही कळू देऊ नकोस.

म्हणाली, लेकीला सातवीपासून माहीत आहे.