आठवी क, तिसरा बाक

दि. ४ जून

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

तुझा होकार आला आणि मी ऑफिसात चक्क टाळ्या वाजवल्या. शहरातल्या शाळांना गणित-विज्ञानाचे चाळीस शिक्षक हवेत, आणि आमच्या जाहिरातीला अर्ज आले अकरा. त्यातले चार मुलाखतीला फिरकलेच नाहीत. मावशीची लाज भाचीने राखली म्हणायची!

रंगाच्या कारखान्यातली प्रयोगशाळा सोडताना तुझा जीव खालीवर होतोय, हे कळतं गं. पण काचेच्या नळ्या हलवत म्हातारी होणार होतीस का? सहा आठवडे माझ्या प्रशिक्षणवर्गात बस, मग शाळा. वर्षअखेरीस समिती बसेल आणि तू कायम होशील. समितीवर मी आहेच.

आई गेल्यापासून तुझ्या वेण्या मी घातल्या, आता फळ्यासमोरही मीच उभी करते आहे. माझं एकच मागणं, वर्षभर सगळं मोकळेपणाने लिहीत जा. बरं तेवढंच लिहिलंस तर कान उपटीन.

जपून राहा, माया आहेच.
तुझी मावशी

*

दि. १८ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आठवी क मध्ये अठ्ठावन्न मुलं आहेत आणि खोली जिन्याखाली. वर मधली सुट्टी झाली की आमच्या डोक्यावरून मोर्चा जातो. विज्ञानाचं कपाट उघडलं तर आतून तीन फुटबॉल घरंगळत आले. हसू नकोस, तुझ्या प्रशिक्षणात फुटबॉलचा पाठ नव्हता.

आता जे लिहिते ते कोणालाच सांगितलेलं नाही. मंगळवारी फळ्यावर ‘तीन वजा, कंसात दोन वजा पाच’ सोडवलं आणि उत्तर काढलं उणे चार. एका मुलीने हात वर केला, म्हणाली, बाई, सहा येतं. मी तिला खाली बसवलं आणि वहीतलं उत्तर खोडायला लावलं. घरी येऊन पाहते तो सहाच. कंस सोडताना आतल्या पाचाचं चिन्ह मी बदललंच नव्हतं. मावशी, मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. शाळेत कळलं तर मी कायम कसली होते! आणि कारखान्याची दारं तर मीच बंद करून आले.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी खारूताई

*

दि. २५ सप्टेंबर

चि. खारूताईस आशीर्वाद.

वेडाबाई, पत्र दोनदा वाचलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, तिथे तू एका वजाच्या चिन्हाने खचलीस? पण असं निम्मं-शिम्मं सांगून मन हलकं होत नाही. ती मुलगी कुठल्या बाकावर बसते, तू नेमकं काय बोललीस, तिचा चेहरा कसा झाला, घरी जाण्याआधी तू काय केलंस, सगळं जसंच्या तसं लिही. तुझं मावशीपाशी राहील.

आशीर्वाद पाठीशी आहेत.
मावशी

*

दि. २ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

माय मरो पण मावशी उरो म्हणतात ते खोटं नाही. तू विचारलंस म्हणून लिहिते.

तिसरा बाक, खिडकीकडचा. शाईने बोटं बरबटलेली, वर्गात सगळ्यांत बुटकी. मी म्हणाले, उत्तरं शोधण्याआधी गप्प बसायला शीक. वर्ग फिदीफिदी हसला. तिने इतकं खोडलं, की कागद फाटला. त्या दिवसापासून तिने हात वर केलेला नाही. मला मात्र तेव्हाच शंका आली होती. शाळा सुटल्यावर मी भांडारखोलीत विज्ञानाच्या तराजूजवळ बसून रडले, आणि शिपाई आला तेव्हा डोळ्यांत खडू गेला म्हणून सांगितलं. उद्या वर्गात कबूल करीन म्हणते आणि तो उद्या काही उजाडत नाही.

आशीर्वाद असू दे.
खारूताई

*

दि. ११ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या वर्गातून आलेला नवा उमेदवार काल शिक्षकखोलीत चहा पिताना रंगात आला. म्हणाला, आमच्या प्रशिक्षणात ‘फळ्यावरची चूक : काय करू नये’ हा सातवा पाठ सगळ्यांत भारी. आमच्या बाई त्या रडक्या शिक्षिकेचा आवाज काढून वाचतात, डोळ्यांत खडू गेला म्हणतात, तेव्हा लोक पोट धरून हसतात. आठवी क, तिसरा बाक, फाटलेला कागद, सगळं त्याला पाठ आहे. माझ्यासमोरच सांगत होता बिचारा, त्याला काय ठाऊक! मुख्याध्यापिकांना मात्र ठाऊक होतं. तुझ्या पाठांची छापील पुस्तिका महिनाभर त्यांच्या टेबलावर आहे.

तू हसलीस, मावशी? माझा आवाज काढून?

नोव्हेंबरमध्ये मी तुला लिहिलं होतं, की मी अठ्ठावन्न मुलांसमोर चूक कबूल केली आणि त्या मुलीलाच फळ्याशी बोलावून गणित सोडवून घेतलं. त्या पत्राची तू पोचही दिली होतीस. आता ती मुलगी माझी प्रत्येक ओळ तपासते, आणि फेब्रुवारीच्या चाचणीत गणितात आमची तुकडी पहिली आली. यातलं एक अक्षर पुस्तिकेत नाही.

वीस तारखेला समिती आहे. पान काढ म्हणत नाही. नोव्हेंबरचं पत्र तेवढं समितीसमोर ठेव. दुसरं काही मागत नाही.

खारूताई

*

दि. २२ मार्च

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

पत्र तेरालाच मिळालं होतं, पण समितीच्या गडबडीत उत्तराला सवड झाली नाही. किती गं रागावतेस! ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं. पुस्तिकेत तुझं नाव नाही. मुख्याध्यापिकांनी ओळखलं त्याला मी काय करू? नोव्हेंबरचं पत्र छान होतं, पण सुधारलेल्या बाईंना कोणी हसत नाही, आणि हसल्याशिवाय धडा ध्यानात राहत नाही. तुझ्या एका चुकीवर माझे बावीस शिक्षक तयार झाले. खारीचा वाटा म्हणतात तो हाच.

समितीने तुला कायम केलेलं नाही. तुझी जागा नव्या उमेदवाराला दिली. तुझं ते पत्र मी पुढे केलं असतं तर भाचीची वकिली केली म्हणून लोकांनी मला नावं ठेवली असती. म्हणून हात वर करायची वेळ आली तेव्हा पहिला हात मी केला. कारखान्यात चौकशी केली, तुझी जागा ऑगस्टमध्येच भरली आहे.

जूनपासून नवी तुकडी येते आहे, आणि कमी केलेल्या शिक्षकावर आमच्याकडे एकही पाठ नाही. तेव्हा नोटीस हातात पडली तेव्हा कुठे उभी होतीस, आठवी क ला काय सांगितलंस, ती तिसऱ्या बाकावरची काय म्हणाली, हे सगळं सावकाश लिही. मावशीपाशी मन मोकळं केलंस की तुलाही बरं वाटेल.

माया तशीच आहे.
तुझी मावशी

ता. क. : या वेळी कागदाच्या एकाच बाजूला लिही. पाठपोट लिहिलेलं टंकलेखिकेला नीट वाचता येत नाही.