तिसऱ्या बरणीतली माती

आबा, काल मी सड्यावरच्या नव्या विज्ञान संग्रहालयात गेले होते. तुम्ही होतात तेव्हा त्या पठारावर गवत आणि जांभा दगड एवढंच होतं. आता लांबलचक इमारत आहे, आणि शाळेजवळच्या त्या एका खोलीतल्या जुन्या संग्रहालयाचं सगळं सामान तिथे नेलं आहे. कॉलेजातून निवृत्त झालेल्या आम्हा चौघांना तिथल्या प्रमुख बाईंनी बोलावलं होतं. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, मला विज्ञानातलं काय कळणार, असं मी फोनवर म्हटलं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच या. मुलं येतात, बटण दाबतात, दिवा लागतो, पुढे जातात. दहा मिनिटांत बाहेर. इथे अजून काय करता येईल ते सांगा." आवाजावरून वाटलं त्यापेक्षा त्या तरुण निघाल्या. माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुलींच्या वयाच्या.

आत थंड होतं आणि फार शांत होतं. ग्रह होते, लंबक होता, माणसाला बुटका आणि उंच करणारे आरसे होते. एका टेबलावर समुद्राच्या तळाची प्रतिकृती होती, निळ्या रंगाची, काचेखाली. बटण दाबलं की आतून उजेड येई आणि एक पुरुषी आवाज बोलू लागे. मी बटण दाबलं. आवाज बोलायचा थांबला तरी मी तिथेच उभी होते, कारण टेबलापलीकडच्या कपाटात त्या बरण्या होत्या. पाच बरण्या, काचेच्या, काचेच्याच बुचांच्या. जुन्या खोलीत त्या उघड्या फळीवर असत. आता कपाटाला कुलूप आहे. चिठ्ठ्या नव्या छापल्या आहेत, मजकूर तोच आहे. तिसऱ्या बरणीवर 'अरबी समुद्राचा तळ, रत्नागिरीसमोर' असं लिहिलं आहे.

मांडवीच्या आपल्या घराचं मागचं दार मला त्या काचेत दिसलं. तुम्ही उंबरठ्यावर बसला आहात. आई आत नारळ खवते आहे. तुमच्यापुढे तीन रिकाम्या काडेपेट्या आहेत, आणि प्रत्येकीत चिमूटभर ओली माती. दोरीच्या टोकाला बांधलेलं शिशाचं वजन मला तुम्ही आधीच दाखवलेलं आहे. त्याच्या बुडाला खळगा, खळग्यात चरबी चेपलेली. वजन पाण्यात सोडायचं, तळाला टेकलं की वर ओढायचं, चरबीला जे चिकटून येईल त्यावरून आपण कुठे आहोत ते ओळखायचं. किनारा दिसत नसला, धुकं असलं, तरी होडी चालवणाऱ्या तांडेलाला एवढं कळलं पाहिजे. कळलं नाही तर मागची आठ माणसं कुणाच्या भरवशावर आली, असं तुम्ही म्हणायचात. मी आठ वर्षांची असेन. "डोळे मीट," तुम्ही म्हणता. "आधी वास घे. आता बोटांत चोळ. आता जीभ लाव, गिळू नको." आई आतून म्हणते, "पोरीला जेवाण सोडून चिखल कसला भरवताय?" तुम्ही म्हणता, "तुझ्या आमटीपरीस मीठ बेताचं हाय." मग माझ्याकडे वळून, "सांग गो बाय, कुठं आलो?" मी म्हणते, पावस गावासमोर. "पाणी किती खोल?" बारा वाव. तुम्ही काही बोलत नाही, फक्त दुसरी काडेपेटी पुढे सरकवता. तुम्ही बोलला नाहीत म्हणजे उत्तर बरोबर असे. मला तिन्ही ओळखता येत. खाडीची माती तर डोळे मिटून, हात न लावता. तिला कुजलेल्या पानांचा वास असतो, कांदळवनाचा, आणि तो वास नाकातून लवकर जात नाही.

आणि मग तो दिवस. आषाढ होता, होड्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांखाली झाकलेल्या होत्या, म्हणून तुम्ही घरी होतात. आमचा वर्ग ते एका खोलीतलं संग्रहालय बघायला गेला होता आणि मी डबा घरी विसरले होते. गुरुजी ग्रहणाबद्दल सांगत होते. आम्ही दोन रांगांत उभे होतो. तुम्ही दारातून आत आलात ते मी पाहिलं. खांद्यावर टॉवेल, हातात फडक्यात बांधलेला डबा, पायांना चिखल. तुम्ही मला हाक मारली नाहीत. गुरुजी बोलत होते म्हणून थांबलात. थांबलात आणि फळीवरच्या बरण्या तुम्हाला दिसल्या. मला पुढचं सगळं फार हळू घडताना दिसतं. तुम्ही डबा बगलेत धरता. पहिली बरणी बघता, दुसरी बघता. तिसरीचं बूच काढता, नाकाशी नेता, बोट आत घालता, बोटावरची माती चोळता, आणि जिभेला लावता. खोलीत तो वास पसरतो. माझ्यापर्यंत येतो.

शिपाई धावत आला. "अहो, तोंडात काय घालताय? हात लावू नये म्हणून लिहिलंय ना तिथे?"

"चाखल्याबिगर कळणार कसं, कुठली ती?" तुम्ही खरोखरच विचारलंत. भांडणाचा सूर नव्हता.

"कळायचंय काय त्यात? वर लिहिलंय. अरबी समुद्र."

"लिवलंय खरं. पण ही भायेरची नाय. खाडीतली हाय ही."

मुलं हसायला लागली. माझ्या मागची मुलगी दुसरीच्या कानात म्हणाली, "भूक लागली असेल त्याला." ती ते ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. गुरुजींनी हातातली छडी टेबलावर आपटली आणि विचारलं, "कुणाचे वडील आहेत हे?"

मला उत्तर देता आलं असतं. इतकंच नाही, मला सांगता आलं असतं की ते बरोबर बोलतायत, वास घेऊन बघा. त्या खोलीत ते कळणारी तुमच्याशिवाय मी एकटी होते. मी खाली बघितलं. पुन्हा वर बघितलं तेव्हा तुमची नजर रांगेवरून फिरत होती. ती माझ्यापर्यंत आली आणि न थांबता पुढच्या मुलीकडे गेली. "कुणाचा नाय," तुम्ही म्हणालात. "दार उघडं दिसलं, म्हणून आत आलो." बूच नीट बसवलंत, बरणी होती तशी चिठ्ठी पुढे करून ठेवलीत, आणि डबा घेऊन निघून गेलात.

संध्याकाळी मी घरी आले तर डबा धुऊन पालथा घातलेला होता. तुम्ही जाळं शिवत बसला होतात. "भाकरी मी खाल्ली," तुम्ही म्हणालात, "भूक लागलेली." बस. पुढे कधी तुम्ही तो विषय काढला नाहीत. काडेपेट्याही मग आल्या नाहीत. मी दोनदा विचारलं तेव्हा म्हणालात, "तू आता पुस्तकं वाच." मी वाचली. खूप वाचली. त्यावर आयुष्य चाललं.

काल त्या कपाटापुढे मी बराच वेळ उभी आहे असं पाहून बाई जवळ आल्या. हसून म्हणाल्या, "यातली तिसरी बरणी आमची गंमत आहे. सामान हलवताना माती तपासून घेतली. ही समुद्राच्या तळाची नाहीच. खाडीची निघाली. चिठ्ठ्या तोवर छापून झाल्या होत्या. कधीतरी मूळ माती सांडली असेल आणि कुणीतरी जवळची भरून ठेवली असेल. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही बघा." बाकीचे तिघे हसले. त्यांच्यासोबत मीही हसले. लक्षात आलं होतं, एवढे तीन शब्द त्या वेळी माझ्या तोंडात होते.

त्याऐवजी मी म्हटलं, इथे लोकांना ओळखू द्या. आणि मग मी बोलत गेले. आबा, इतकं सलग मी वर्गातही कधी बोलले नसेन. बोलता बोलता ती खोली मला दिसायला लागली. अर्धवट अंधार आहे. काच कुठेच नाही. पायाखाली लाकडी फळ्या आहेत आणि त्या किंचित हलतात, इतक्या किंचित की माणसाला आधी वाटावं आपल्यालाच काही होतंय. मध्ये फळ्यांत एक भोक आहे आणि त्यातून ओली दोरी खाली गेली आहे. ती दोन्ही हात पसरून ओढायची. एकदा हात पसरले की एक वाव. ज्याचे हात जेवढे, त्याची वाव तेवढी. मोठ्या माणसाला पाणी दहा वाव लागेल, लहान मुलीला सोळा. लहान मुलीला समुद्र जास्त खोल लागेल आणि तिचं उत्तर चूक धरलं जाणार नाही. वजन वर येईल. बुडाला काहीतरी चिकटलेलं असेल, कधी काळा गाळ, कधी शिंपल्यांचा चुरा, कधी नुसती खरखरीत वाळू. ती हातात घ्यायची, वास घ्यायचा, आणि आपण कुठे आहोत ते ठरवायचं. भिंतीवर आधीपासून काही लिहिलेलं नसेल. ज्याला जे वाटलं ते त्याने खडूने लिहायचं. पलीकडच्या कोपऱ्यात वारा असेल, फक्त वारा. डोळे मिटून हळूहळू फिरायचं, दोन्ही कानांना तो सारखा ऐकू आला की थांबायचं. आपण वाऱ्याकडे तोंड करून उभे असतो तेव्हा. हे तुम्ही मला मांडवीच्या धक्क्यावर शिकवलं होतं, ते मला काल बोलताना आठवलं. त्याआधी ते कुठे होतं कोण जाणे. आणखी एका कोपऱ्यात पाण्याची चार भांडी, मनगट बुडवून नदीचं पाणी कुठलं आणि भरतीचं कुठलं ते सांगायचं. बाहेर पडताना नळापाशी मुलांची रांग. नखांत राखाडी चिखल. कुणाला घाई नाही. आणि त्या खोलीत, दाराशी, एका स्टुलावर कुणीतरी बसलेलं आहे, खांद्यावर टॉवेल आहे, आणि जो येईल त्याला ते एवढंच म्हणतं की डोळे मीट.

स्टुलाचं मी त्यांना सांगितलं नाही. ते फक्त मला दिसत होतं.

आमच्यातले एक पदार्थविज्ञान शिकवायचे. ते म्हणाले, "छान आहे, पण जीभ वगळा. उद्या एखाद्याच्या पोटात दुखलं तर आई-बाप इथे येऊन बसतील." बाई म्हणाल्या, "वगळू. नाक आणि बोटं ठेवू." त्या कागदावर भराभर लिहीत होत्या. दोरी, वाव, खडू. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. "मॅडम, हे कुठून सुचलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "कुठेतरी वाचलं होतं."

त्या म्हणाल्या, "वाचलेलं इतकं अंगात भिनत नाही. हे तुमचंच आहे. बाहेरच्या पाटीवर कल्पना म्हणून तुमचं नाव घालू ना?" पदार्थविज्ञानवाले म्हणाले, "घाला, घाला. मराठीच्या माणसाला पहिल्यांदाच विज्ञानात जागा मिळतेय." सगळे हसले. मी म्हटलं, चालेल.

रिक्षाने उतारावरून खाली येताना समुद्र दिसत होता. मी स्वतःला सांगत होते की तेच झालं, पुन्हा तीच लाज. घरी येईपर्यंत मी तेवढं मान्य करून टाकलं होतं, आणि मान्य केल्यावर येतो तसा थोडा आरामही आला होता. रात्रभर झोप नीट लागली. सकाळी चहा घेताना कळलं की ते खरं नाही. त्या दिवशी मला लाज वाटली होती, आणि तुम्ही ती ओळखून मला तिच्यातून सोडवलंत. काल लाज नव्हती. माझे वडील तांडेल होते हे सांगितलं असतं तर बाईंनी आणि त्या तिघांनी खुर्च्या पुढे ओढून ऐकलं असतं; हल्ली असं ऐकायला लोकांना आवडतं. मला ते माहीत होतं. तरी मी म्हणाले नाही, कारण बाई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती नजर मला माझ्यासाठी हवी होती. तुम्ही मध्ये आला असतात तर ती तुमच्याकडे गेली असती.

हे तुम्हाला सांगायला बसले तर सकाळचा चहा गार झाला. हा कागद कुठे पाठवायचा नाही, तो टेबलाच्या खणात जाईल. पाटी शुक्रवारी रंगवायला जाणार आहे, त्याआधी काही बदल असेल तर फोन करा, असं बाईंनी निघताना सांगितलं. आज मंगळवार. मी फोन करेन असं इथे लिहिलं तर केल्यासारखंच वाटेल, आणि मग मी करणार नाही. म्हणून ते लिहीत नाही.