'सहकारी विद्यार्थी' या रकान्यात आईचे नाव

प्रति,
मा. प्राचार्य,
कै. उकंडाजी नाईक विज्ञान महाविद्यालय,
घाटंजी, जि. यवतमाळ.

विषय : भौतिकशास्त्राची प्रयोगवही प्रमाणित करून मिळणेबाबत, तसेच जोडीदार मिळणेबाबत.
संदर्भ : प्रयोगवही, पान ९ वरील लाल शाईचा शेरा.

महोदय,

अर्जदार बबिता भावसिंग आडे ही बी.एस्सी. प्रथम वर्षात शिकते. तिच्या तांड्यातून विज्ञान शाखेला आलेली ती पहिलीच मुलगी. जातीचा दाखला उशिरा मिळाल्याने तिचा प्रवेश शेवटच्या फेरीत झाला आणि रोल नंबर एकतीस आला. प्रयोगशाळेत जोड्या रोल नंबरने पडतात. तीस जणांच्या पंधरा जोड्या झाल्या, साहित्याचे संचही पंधराच. अर्जदार गेले तीन महिने भिंतीशी उभी राहून बघते. कोणी तिला हाकलले नाही, कोणी बोलावलेही नाही.

म्हणून लंबकाचा प्रयोग तिने घरी केला. गोठ्याच्या आढ्याला मीटरभर दोरी, दोरीला शंभर ग्रॅमचे वजन. मोबाईलमधले घड्याळ बघायचे की झोके मोजायचे, एकटीला दोन्ही जमेना. आई, जमनी, नुकतीच कापूस वेचून आली होती, ती न जेवताच येऊन बसली. दर झोक्याला एक सरकी बाजूला टाकत तिने वीस झोके मोजले. वेळ ४०.२ सेकंद, उत्तर ९.७७ आले. पुस्तकात ९.८ आहे.

वहीतला 'सहकारी विद्यार्थी' हा रकाना कोरा होता. प्रयोगशाळेतले परिचर नानाजी म्हणाले, "कोरा कायले ठेवतं? ज्यानं मोजलं त्याचं नाव लिव्ह." अर्जदाराने लिहिले. सहकारी हा महाविद्यालयाचाच विद्यार्थी असावा, असा शेरा पडून वही परत आली. सही नसल्याने सोमवारच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नाही, असेही कळवण्यात आले.

ते नाव खोडून वर्गातल्या कुणाचे तरी घालावे, असे सुचवण्यात आले. परंतु त्या वेळी तिथे वर्गातले कोणी नव्हते.

तरी विनंती की वही प्रमाणित करावी. नियम आडवा येत असल्यास श्रीमती जमनी यांना एका दिवसापुरता प्रवेश द्यावा. त्या वेचणीचा खाडा करायला तयार आहेत, अंगठा लावतील. तेही शक्य नसल्यास एका जोडीत तिघे करावेत. अर्जदारास इथे फार एकटे वाटते. त्यासाठी वेगळा अर्ज नसतो, म्हणून इथेच लिहिले. ती टेबलाच्या कुठल्याही बाजूला उभी राहील, फक्त भिंतीशी नको.

आपल्या सहीच्या वाटेकडे डोळे लावून,
बबिता भावसिंग आडे
रोल नं. ३१
दि. २० नोव्हेंबर २०२५

सोबत : १) पान ९ ची प्रत.
२) वीस सरक्या, पुडीत. कृपया मोजून घ्याव्यात.